छापू नये असा आशीर्वाद

प्रिय अनघा आणि समीर,

मी धुळं सोडलं तेव्हा बसस्टँडवर मला पोचवायला एकटी आई आली होती. बरोबर एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि तासाभरापूर्वी ज्यांच्याशी माझं लग्न लागलं होतं ते तुमचे आजोबा. ते यावलचे, बौद्ध घरातले, जळगावला बँकेत नोकरीला. आम्ही कॅथलिक. त्यामुळे चर्चची परवानगी मिळवायला सात महिने गेले आणि लग्न वेदीपुढे न लागता फादर कपडे बदलतात त्या बाजूच्या खोलीत लागलं. साक्षीदार दोन, गाणं एकही नाही. वडील आले नाहीत. बस हलली आणि मला रडू फुटलं, तेव्हा आईने खिडकीतून माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "पोरी, पहिले यादी कर, मंग रडजो."

मी खरोखर यादी केली. पारोळा येईपर्यंत स्टोव्ह, दोन पातेली, चादर, अगदी माचिसपर्यंत सगळं लिहून झालं होतं आणि रडणं राहूनच गेलं. त्यानंतरचं माझं सगळं आयुष्य असंच गेलं. शाळेत इंग्रजी शिकवलं, घर लावलं, आणि जळगावच्या आमच्या चर्चमध्ये तीस वर्षं प्रत्येक समारंभाची पुस्तिका माझ्या हातून निघाली. बाप्तिस्मा असो, लग्न असो की मयत, कोणतं गीत कितव्या पानावर आणि लोकांनी उभं कधी राहायचं, हे लोक माझ्या पुस्तिकेत बघत. फादर बदलत गेले, पुस्तिका मीच करत राहिले.

हे सगळं सांगते कारण गेल्या फेब्रुवारीत जे झालं ते याच सवयीमुळे झालं. अनघा, तू मेलबर्नहून दोनदा विचारलंस, "आजी, नेमकं झालं काय?" फोनवर मला नीट सांगता आलं नाही. आता क्रमाने लिहिते. समीर, तू तिथे होतास, पण फाटकाजवळ उभी राहून मी काय पाहिलं ते तुला माहीत नाही.

सहा वर्षांपूर्वी समीरने टोरांटोहून सांगितलं की तो एड्विनबरोबर राहतो आणि आयुष्यभर त्याच्याबरोबरच राहणार आहे. त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या विजयने, फोन ठेवण्याआधी एकच वाक्य म्हटलं, "घरी ये, पण एकटा ये." समीर आलाच नाही. सहा नाताळ गेले. शेवटी मीच फोन केला, "वरची खोली माझी आहे. दोघं या."

दोघं आठ दिवसांसाठी आले. एड्विन गोव्याचा, म्हापशाच्या बाजूचा. उंच, बोलका, तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलांना नावाने हाक मारायला लागला. विजय मात्र त्याच्याशी उन्हाशिवाय कशावरही बोलला नाही. "ऊन आहे," विजय म्हणायचा. "हो, आहे," एड्विन म्हणायचा. मग दोघं पेपरात डोकं घालायचे.

समीरला एकच गोष्ट हवी होती. ज्या चर्चमध्ये तो लहानपणी मेणबत्ती धरून उभा राहायचा, तिथे फादरने दोघांना मिळून आशीर्वाद द्यावा. तो मला स्पष्टच म्हणाला, "आजी, नाही मिळाला तर मी भांडणार नाही. पण परत येणारही नाही. फोन करत जाईन."

म्हणून आम्ही तिघं फादर बॅसिलकडे गेलो. फादर वसईचे, चाळिशीतले. त्यांनी स्वतः चहा ओतला आणि आडवळणं न घेता सांगितलं, "अशा जोडप्यांना आशीर्वाद देण्याबद्दल रोमहून आलेलं पत्र मी दोनदा वाचलंय. तुम्हा दोघांना मी आशीर्वाद देऊ शकतो. लग्न लावू शकत नाही, आणि लग्न वाटेल असं काही करू शकत नाही. विधी नाही, ठरलेली प्रार्थना नाही, हार नाहीत."

एड्विन म्हणाला, "म्हणजे फादर, जेवायला मिळणार, पण पंगतीत बसायचं नाही."

फादर हसले, पण लगेच गंभीर झाले. "तसंच आहे. ते मला सोपं वाटतं असं समजू नका. पण पंगत मांडणं माझ्या हातात नाही. वाढणं आहे."

"आणि आम्ही उपाशी नाही असं म्हटलं तर?" समीरने विचारलं.

"तर इथे आला नसता."

समीरने कप खाली ठेवला. म्हणाला, "एकेकट्याला देऊ नका. दोघांना मिळून."

"दोघांना मिळून," फादर म्हणाले. "शनिवारी संध्याकाळी या. सहज या."

हा 'सहज' मी ऐकला आणि घरी जाऊन पुस्तिका करायला बसले.

मला दुसरं काही सुचलंच नाही. घरात मोठा दिवस असला की मी पुस्तिका करते. चार पानं. सुरुवातीचं गीत, बायबलमधल्या रूथच्या पुस्तकातलं वाचन, दोघांनी म्हणायची प्रार्थना, शेवटी चहापाणी. वर ठळक अक्षरात 'समीर व एड्विन यांचा आशीर्वाद विधी'. तशीच ती सलीमभाईंच्या छापखान्यात नेली. माझी प्रत्येक पुस्तिका त्यांनीच छापली आहे.

"बाई, कागद लग्नाचा लावू का? सोनेरी किनार?"

"लावा."

"मुलगी कुठली?"

"मुलगी नाही."

सलीमभाईंनी चष्मा वर करून दोन्ही नावं वाचली. मग म्हणाले, "बरं. स्पेलिंग तेवढं तपासून द्या. मागच्या खेपेला फ्रान्सिस चुकला आणि तुम्ही मला आठवडाभर बोलत होता."

चाळीस प्रती झाल्या. शुक्रवारी सकाळी त्यातली एक मी फादरना दिली, आणि चर्चच्या आवारात भेटलेल्या रोझीबाईंना एक. रोझीबाई माझ्या बाकावरच बसतात, तीस वर्षं. दुपारपर्यंत त्या पानाचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर पोचला. लोकांनी फादरना विचारलं, हे लग्न आहे का? छापील कागदावर 'विधी' असं लिहिलेलं होतं, नाही कसं म्हणणार?

संध्याकाळी फादर घरी आले. पुस्तिका त्यांच्या हातात होती. ओरडले नाहीत. "बाई, तुम्ही माझे हात बांधले," एवढंच म्हणाले. "आता शनिवारी मी काहीही केलं तरी ते यातलंच ठरेल."

"मग दुसरा दिवस ठरवू."

"ठरवलं की तेही ठरवलेलंच झालं ना?"

समीर जिन्यावर उभा राहून ऐकत होता. "आजी, तुला कोणी सांगितलं होतं गं?" म्हणाला आणि वर गेला. एड्विन मात्र थांबला. त्याने पुस्तिका चाळली आणि म्हणाला, "गाणं चांगलं निवडलंत." ते मला जास्त लागलं.

शनिवार तसाच गेला. सोमवारी पहाटेची त्यांची गाडी होती. उरलेल्या अडतीस प्रती मी बंबात घातल्या.

रविवारी सकाळच्या प्रार्थनेला, मिस्सेला, सगळे गेलो. आमच्याकडे मिस्सा संपली की फादर दारात उभे राहतात आणि ज्यांना काही हवं असेल ते रांग लावतात. परीक्षेला निघालेली मुलगी, दिवस गेलेली सून, नव्या रिक्षाची किल्ली घेऊन आलेला माणूस. फादर विचारतात, "काय हवं?" आणि डोक्यावर हात ठेवतात. हे मला तीस वर्षं माहीत होतं. त्या रांगेची पुस्तिका कधी लागली नाही, म्हणून कदाचित ती मला दिसलीच नव्हती. त्या दिवशी दिसली. पण मी सांगितलं असतं तर तेही माझंच ठरवणं झालं असतं. मी ओठ मिटले आणि सरळ फाटकापर्यंत चालत गेले.

मागे वळून पाहिलं तर समीर आणि एड्विन माझ्यामागेच निघाले होते. तेवढ्यात विजयचा आवाज आला. त्याला कमी ऐकू येतं म्हणून तो मोठ्याने बोलतो. "अरे, उद्या एवढा लांबचा प्रवास आहे. रांगेत उभे राहा की! ऊन लागत असेल तर सावलीच्या बाजूने." आणि तो स्वतःही त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

आपण काय बोलतोय हे विजयला कळत होतं का, ते मला आजही माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

त्यांची पाळी आली. फादरने विचारलं, "काय हवं?" समीर म्हणाला, "उद्या निघतोय, फादर. आम्हा दोघांना." फादरने इकडेतिकडे पाहिलं नाही. एक हात एकाच्या डोक्यावर, दुसरा दुसऱ्याच्या. अर्धं मिनिट लागलं असेल. मागची रिक्षावाली मंडळी आपल्या पाळीची वाट पाहत होती. रोझीबाई खांबाजवळ उभ्या होत्या. त्या गेल्या नाहीत आणि पुढेही आल्या नाहीत.

फाटकापर्यंत शब्द पोचले नाहीत. घरी मी विजयला विचारलं. "म्हणाले काहीतरी," तो म्हणाला. "सांभाळून राहा, वगैरे." रात्रीच्या जेवणानंतर समीरने मला फादरचं ते वाक्य सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

पण तो खूश नव्हता, हेही लिहायला हवं. "आजी, हे पुरेसं नाही. रिक्षाच्या आणि परीक्षेच्या मधे मिळालं."

"नाहीच पुरेसं. मला कपडे बदलायच्या खोलीत मिळालं होतं."

"आणि तू पन्नास वर्षं थांबलीस?"

"थांबले नाही. राहिले."

दोन घरांनी माझ्याशी बोलणं सोडलं आहे. पुस्तिकेचं काम आता एका तरुण शिक्षिकेकडे गेलंय. फादर बॅसिलना वरून पत्र आलं. त्यात काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. रोझीबाई मागच्या रविवारी माझ्याच बाकावर बसल्या. मिस्सेत शेजाऱ्याला शांती द्यायची वेळ आली तेव्हा आम्ही एकमेकींकडे न बघता हात जोडले. माझ्यासाठी आता घर म्हणजे एवढंच आहे: ज्यांनी दुखावलं आणि ज्यांना आपण अडचणीत आणलं, त्यांच्याच शेजारी पुढच्या रविवारी जाऊन बसता येतं ती जागा. ती गोड नाही. पण तिथे आपली बैठक ठरलेली असते, आणि आपण आलो नाही तर कोणीतरी मान वळवून बघतं.

काल समीरचा फोन आला. डिसेंबरची दोन तिकिटं काढली, म्हणाला, आणि एड्विनला भरिताची वांगी शेतातच भाजलेली बघायची आहेत. मी फोन विजयकडे दिला. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग ओरडून म्हणाला, "त्याला सांग, स्वेटर आण. इथे डिसेंबरात ऊन नसतं."