एका यंत्रावरचे दोन विहार

तुमचे रांझीचे आजोबा आता बोलत नाहीत, हे तुम्ही फोनवर पाहिलंच आहे. तुम्ही हात हलवता, ते हात हलवतात, आणि रांझीची आजी, म्हणजे माझी धाकटी जाऊ, त्यांच्या वाटचंही बोलून टाकते. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला तो गेलाच. त्याआधी ते रांझीच्या बुद्धविहारातल्या गायन मंडळात गात. फॅक्टरीत दिवसभर मशीनच्या गडगडाटात उभा राहिलेला माणूस संध्याकाळी इतका मोकळा कसा गातो, याचं मला नवल वाटे. घरात कुणी तो आवाज जपून ठेवला नाही. तो उरला होता फक्त एका वेबसाइटवर, आणि ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी संध्याकाळी सहाला ती साइट बंद होणार होती.

ही गोष्ट आम्हाला त्याच दिवशी सकाळी कळली. दोघं बसनं मदन महलला माझ्याकडे आली. चप्पल काढायच्या आधीच जाऊ म्हणाली, "ताई, तुम्ही शाळेत कॉम्प्युटरच शिकवत होत्या ना? चलो, आता कामाला लागा. स्वयंपाकघर माझ्याकडे."

तुमचे आजोबा, म्हणजे माझे दीर, काही न बोलता माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. 'न बोलता' हे शब्द मी अजूनही सवयीनं लिहिते.

साइट विहारातल्या मुलांनी हौसेनं बनवली होती. रांझीच्या विहाराची एक, आमच्या मदन महलच्या विहाराची एक, दोन्ही अगदी सारख्या. ती मुलं नोकरीसाठी पांगली आणि पासवर्डही त्यांच्याबरोबर गेला. पानावरचं गाणं वाजवायचं बटण कधीच बिघडलं होतं. गाण्यांना नावं नव्हती, नुसते क्रमांक होते, आणि कोणत्या क्रमांकाला कोण गातं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. कितीतरी वर्षांचे कार्यक्रम होते. हातानं एकेक उतरवत बसले असते तर सहा वाजून गेले असते. म्हणून मी 'जावा' या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्राम लिहायला घेतला.

अकरावी-बारावीच्या मुलांना मी हीच भाषा शिकवली. तिच्यात वेबच्या पत्त्यासाठी यूआरएल नावाचा तयार क्लास, म्हणजे साचा, असतो. पत्ता त्याला दिला की त्या साच्यातली एक वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट, बनतो, आणि मग त्यालाच विचारता येतं: तू ज्यावर ठेवलेला आहेस ते यंत्र, म्हणजे सर्व्हर, कोणतं, त्या यंत्रावरचा तुझा रस्ता कोणता, आणि तिथे जे आहे ते आणून देतोस का? मी दोन्ही विहारांची पानं वाचून प्रत्येक गाण्याचा असा ऑब्जेक्ट केला. पानावर तेच गाणं वर 'नवीन'मध्ये आणि खाली पुन्हा यादीत येई. एका वस्तूच्या दोन प्रती मला घरात खपत नाहीत, तुमच्या आईला विचारा. म्हणून सगळे पत्ते मी सेटमध्ये टाकले. सेट म्हणजे असा डबा, ज्यात एकसारखी वस्तू दुसऱ्यांदा टाकली तर तो घेत नाही.

दुपारी प्रोग्राम चालला. गाणी एकामागून एक उतरली. एकही चूक दाखवली नाही.

"झालं," मी म्हणाले. जावेनं पोह्यांच्या बशा आणल्या. दिरांनी हातानंच 'लाव' असं सांगितलं. मी पहिलं गाणं लावलं, मग दुसरं, मग मधलंच एक.

जाऊ बशी घेऊन उभीच राहिली. "ताई, हे काय? या तर तुमच्या मदन महलच्या बाया गाऊन राहिल्या."

"पुढे असतील रांझीचे."

पुढेही नव्हते. शेवटपर्यंत नव्हते. दिरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि बशी बाजूला सरकवली.

रांझीचं पान अजून उघडत होतं. मी प्रोग्रामला प्रत्येक पत्ता छापायला लावला. रांझीचे पत्तेही छापले जात होते, नीट, अक्षरन् अक्षर बरोबर. पण सेटमध्ये टाकले की आत एकही वाढत नव्हता. शेवटी मी दोन पत्ते घेतले, रांझीचं पहिलं गाणं आणि मदन महलचं पहिलं गाणं, आणि विचारलं: हे दोन सारखे आहेत का?

उत्तर आलं: हो.

"काहून हो?" जाऊ माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली. "मला इंग्रजी येत नाही, पण नावं तर वेगळी दिसून राहिली!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. जावा भाषेतला यूआरएल दोन पत्ते ताडून पाहताना नुसती नावं पाहत नाही. त्या नावाचं यंत्र प्रत्यक्षात कुठे आहे, ते नेटवर विचारून येतो. आमचे दोन्ही विहार त्या मुलांनी एकाच यंत्रावर ठेवले होते. दोन्हीकडे कार्यक्रमाचा क्रम एकच, आधी वंदना, मग गाणी, त्यामुळे क्रमांकही तेच. यंत्र एक, आतला रस्ता एक, म्हणजे वस्तू एकच, असं त्यानं ठरवलं. मदन महलचं पान मी आधी दिलं होतं. रांझीचं सगळं त्यानं दारातूनच परत पाठवलं.

"म्हणजे एका क्वार्टरमध्ये दोन भाडेकरू," जाऊ म्हणाली, "आणि यानं आमच्या दारावर टकटकच केली नाही. वा रे वा!"

दिरांनी तिला बोटानं गप्प केलं आणि घड्याळ दाखवलं. पाच वाजून गेले होते.

मी यूआरएल काढून यूआरआय हा दुसरा क्लास घातला. तो कुणाला विचारायला जात नाही, जे लिहिलंय तेवढंच ताडून पाहतो. चालवणार तेवढ्यात हात थांबला. फाइलींचे क्रमांक तेच, म्हणजे एका फोल्डरमध्ये एका विहाराची गाणी दुसऱ्याच्या गाण्यांवर जाऊन बसली असती. प्रत्येक विहाराला वेगळा फोल्डर दिला. बोटं चुकीच्या कळांवर पडत होती. दीर इतके जवळ बसले होते की त्यांचा श्वास ऐकू येत होता.

रांझीची गाणी येऊ लागली, पण फार हळू. सगळेच जण शेवटच्या दिवशी धावून आले असावेत. जाऊ मोठ्यानं क्रमांक वाचत होती आणि दर क्रमांकानंतर "आलं, आलं" म्हणत होती. मग एका क्रमांकावर ती थांबली. स्क्रीनवर लाल अक्षरं आली. त्यापुढच्या प्रत्येक गाण्याला एकच उत्तर: सापडलं नाही.

सहा वाजले होते.

आम्ही आलेली गाणी लावत गेलो. एकात हार्मोनियम, एकात कुणाचं तरी रडणारं पोर, एकात मंडळाच्या अध्यक्षांचं लांबलचक भाषण. "यांनी तेव्हाही वेळ खाल्ला," जाऊ पुटपुटली. उतरलेल्यांतलं शेवटचं एक उरलं. ते लावलं आणि पहिल्याच सुराला दिरांचा हात टेबलावर पडला.

तेच होते. मोकळा, थोडा वर चढलेला आवाज, मागे टाळ्या. जाऊ खाली बसली. पहिलं कडवं झालं, दुसरं सुरू झालं आणि ओळीच्या मधेच तुटलं. साइट बंद झाली तेव्हा ती फाइल अर्धीच उतरली होती.

मी माफी मागायला तोंड उघडलं. दिरांनी हात वर केला, थांब म्हणून. मग बोटांनी टेबलावर ठेका धरला, आवाज जिथे तुटला होता तिथूनच. ते जावेकडे पाहत राहिले.

"मी? मला कुठे येते गाता!" ती म्हणाली. पण ठेका थांबेना, म्हणून तिनं ओळ उचलली. सूर फारच खाली लागला. दिरांनी तोंड वाकडं करून तर्जनी वर केली: वर, अजून वर. ती चिडली, हसली आणि वरून गायली. कडवं पूर्ण झालं.

ते अर्धं गाणं तुम्हाला पाठवते आहे. त्यापुढचं रांझीची आजी फोनवर म्हणून दाखवेल. आजोबांच्या बोटाकडे लक्ष ठेवा, सूर चुकला की ते उठतं.