रडके सरांची परीक्षा

माझा मामा रडण्याचा पगार घेतो, असं मी चारचौघांत सांगते आणि तो माझ्यावर डोळे वटारतो. खरं तर तो सिक्युरिटी गार्डना शिकवतो. टायरच्या दुकानावर एक लांबट खोली आहे, तिथे त्याचा वर्ग भरतो. दोन खुर्च्यांवर आडवा बांबू टाकला की झालं गेट. गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत मामा स्वतः गेटवर उभा राहिला, आणि मग उभं कसं राहायचं ते इतरांना शिकवायला लागला. गुडघे ताठ ठेवायचे नाहीत, येणाऱ्याच्या तोंडाआधी त्याचे हात बघायचे, आणि काही झालं तरी गेट सोडून जायचं नाही.

हे काय, कुणीही शिकवेल. मामाची खरी करामत म्हणजे गेटची परीक्षा. त्या दिवशी तो कोपरावर फाटलेला तपकिरी स्वेटर चढवतो, केस विस्कटतो आणि बांबूपुढे येऊन उभा राहतो. कधी तो दारुडा असतो, कधी मोठ्या साहेबाचा मेव्हणा. पण बहुतेक वेळा असतो दवाखान्यात भेटायची वेळ चुकलेला नातेवाईक. या सोंगात तो असा ढसाढसा रडतो की भले भले आडदांड गडी विरघळतात, बांबू उचलतात आणि नापास होतात. त्यावरून त्याचं नाव पडलं रडके सर.

या रडण्याची तालीम घरी चालायची. मामी भाजी चिरता चिरता ऐकायची आणि म्हणायची, "अहो, आज हुंदका जरा लवकर आला." मामा निमूटपणे पुन्हा पहिल्यापासून रडायचा. जगात तो कुणाचं ऐकत असेल तर मामीचं. माझ्या आईचं, म्हणजे सख्ख्या बहिणीचंही नाही.

नोकरी लागली म्हणून त्याचे विद्यार्थी सुटत नसत. "मी कधीही येईन, कुठेही येईन," तो बजावायचा. "माझ्या डोळ्यांतल्या पाण्यावर विश्वास ठेवायचा नाही." आणि हा पठ्ठ्या खरंच जायचा. एका बँकेत जुन्या विद्यार्थ्याने त्याला बघून कडक सलाम ठोकला आणि सरळ आत घेतलं. त्या बिचाऱ्याला दुसऱ्याच दिवशी पुन्हा बांबूमागे उभं राहावं लागलं.

मागच्या तुकडीत एक बाई होती. नवरा गेलेला, घरात म्हातारी सासू, आवाज इतका हळू की आपण कान पुढे करावा. ती कुणालाही नाही म्हणू शकत नसे, म्हणून बाकीच्यांनी तिला होयबाई करून टाकलं. मामा रडायला लागला की ही त्याच्याआधी रडायची. शेवटी मामाने तिला बाजूला बसवून सांगितलं, "हे बघ पोरी, नाही म्हणणं म्हणजे हाकलणं नव्हे. नाही म्हण, मग त्याला खुर्ची दे, पाणी दे, आत कुणाला तरी फोन करून विचार. दार तुझ्या हातात नसलं तरी माणूस तुझ्यापुढे आहे ना?" पुढच्या वेळी होयबाई पास झाली. तिला दवाखान्याच्या गेटवर नेमलं.

आणि एका दुपारी मामीच्या पोटात अशी कळ आली की ती स्वयंपाकघरातच खाली बसली. आई तिला घेऊन दवाखान्यात धावली. डॉक्टर म्हणाले, आतडं अडकलंय, ताबडतोब ऑपरेशन. मामा नेमका परीक्षा घेत होता आणि त्याचा फोन कपाटात टांगलेल्या कोटाच्या खिशात. शेवटी आईने टायरवाल्याला फोन लावला. तो धापा टाकत वर आला आणि मामा होता तसा निघाला. फाटका स्वेटर, विस्कटलेले केस, खिशात ना फोन ना ओळखपत्र.

गेटवर होयबाई होती.

पुढचं तिनेच मला सांगितलं. सर दिसताच तिला वाटलं, आली परीक्षा!

"सर, भेटायची वेळ संपलीय. पाच वाजता या."

"अगं, माझी बायको आत आहे. तिला ऑपरेशनला नेतायत."

"मागच्या परीक्षेत आई होती, सर."

"आई नाही गं, बायको! खरंच सांगतोय."

"खरंच तर तेव्हाही म्हणाला होतात."

मामाला रडू फुटलं. हुंदका बरोबर वेळेवर आला की लवकर, हे बघायला मामी तिथे नव्हती. होयबाई म्हणजे मूठभर बाई, ढकलून आत जाणं काही अवघड नव्हतं. पण मामाने गेटच्या आडव्या दांड्याला हातसुद्धा लावला नाही. गेट ढकलायचं नसतं हे त्याच्या हाडात मुरलेलं. तो तिथेच उभा राहिला, आणि मला विचाराल तर त्या क्षणी त्याने खुशाल ढकलायला हवं होतं.

होयबाईने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, बायकोचं नाव विचारलं आणि वॉर्डात फोन लावला. सिस्टरलाही सरांनी फितवलं असणार, असं वाटून होयबाई गालातल्या गालात हसत होती. पलीकडून सिस्टर म्हणाली, "अगं, त्याच बाई मघापासून विचारतायत, आमचे हे आले का म्हणून. पाठव लवकर, स्ट्रेचर निघालाय."

म्हणजे ही परीक्षा नव्हतीच! तिने झटकन दांडा वर केला. "सर, लिफ्ट डावीकडे! पळा!" आणि गेट सोडायचं नाही म्हणून जागेवरूनच ती अशी ओरडली, "बाजूला व्हा, त्यांना जाऊ द्या!" की औषधांच्या खिडकीपुढची अख्खी रांग भिंतीला चिकटली.

वर काय झालं ते मामीने सांगितलं, घरी आल्यावर, उशीला टेकून सूप पिता पिता. ऑपरेशन थिएटरच्या दारातच मामाने स्ट्रेचर गाठला. मामीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे काय ध्यान करून आलात?"

 मामाने तिचा हात धरला. सिस्टरने क्षणभर स्ट्रेचर थांबवला.

"घाबरलात?" मामीने विचारलं.

इतक्या वर्षांच्या संसारात मामाने या प्रश्नाला कधी हो म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, "खूप."

मामीने त्याच्या बोटांवर बोटं घट्ट केली. "बरं झालं बाई सांगितलंत. मला वाटलं, मी एकटीच घाबरलेय."