कुलूपबंद घराचे गिऱ्हाईक

त्या प्रकरणाची आठवण झाली की अजूनही पेणच्या एका बंद घरातली भिंत आणि तिच्यावरच्या पेन्सिलच्या रेघा डोळ्यांपुढे येतात. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा पेण पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो.

मुंबईत जागांचे भाव असे भडकले होते की माणसे पनवेल ओलांडून थेट आमच्याकडे घरे शोधायला लागली. आधी आले ते हौशी, सुट्टीतल्या बंगल्यासाठी प्लॉट बघणारे. मग आले गरजू, एका खोलीत दोन भावांचे संसार मावेनात म्हणून. हौशी माणूस इथली हवा कशी आहे ते विचारतो, गरजू माणूस नळाला पाणी कधी येते ते विचारतो. आणि त्याला घाई असते.

एका सकाळी साठीच्या एक बाई ठाण्यात आल्या. त्यांच्या शेजारचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचे, कुटुंब कायमचे इस्रायलला गेले, तेव्हापासून त्या घराची किल्ली बाईंकडे होती. गणपतीच्या हंगामात त्या हमरापूरला मूर्ती रंगवायला जात, दिवसभर आळीत कोणी नसे. आदल्या दिवशी केर काढायला घर उघडले, तर मागच्या दाराची कडी निघालेली. काय चोरीला गेले, मी विचारले.

"काय पन नाय, साहेब. पन भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा हायत. चोर कवा कपाटाची मापं घेतो का?"

हवालदार हसले. मला हसू आले नाही. मापे घेणाऱ्याला तिथे राहायचे असते. मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि, मुंबईची गिऱ्हाइके सुट्टीच्या दिवशी येतात म्हणून, बाईंना रविवारी घरीच थांबायला सांगितले.

रविवारी मुंबईचे एक जोडपे पडद्यांची मापे घ्यायला आले; कपाटाच्या रेघाही त्यांच्याच होत्या. बाईंनी त्यांना चहा पाजला आणि ठाण्यात आणले. नवरा छापखान्यातून निवृत्त झालेला. आपली खोली विकून त्यांनी या घराचे पैसे 'मालकिणीच्या भाच्याला' देऊन टाकले होते. खोली महिनाअखेर सोडायची होती. खरे कळल्यावर बायको एवढेच म्हणाली, "मग आम्ही जायचं कुठे?"

भाचा रोह्यालाही गिऱ्हाइकांना भेटतो, हे त्यांना ठाऊक होते. दोन दिवस साध्या कपड्यांत रोहा स्टँडवर थांबून आम्ही त्याला उचलले. ठाण्यात त्याचे एकच पालुपद: मावशीने मला कुलमुखत्यारपत्र दिलेय, मी मुंबईत वाढलो, ही शेजारीण मला कशी ओळखणार? मालकीण लेकीकडे गेलेली, फोन लागत नव्हता. कोठडीची मुदत संपत आली होती. शेवटी पंच घेऊन मी त्याला त्या घरी नेले.

दाराच्या उजव्या चौकटीला बोटाएवढी नळी ठोकलेली होती. त्या लोकांची प्रार्थना तिच्यात असते. बाईंनी कुलूप काढले, सवयीने नळीला बोटे लावून ओठांना टेकवली आणि आत गेल्या. भाचा मागोमाग सरळ आत निघाला. मी त्याला अडवून विचारले, हे काय आहे?

"जुन्या बेलचं असेल काहीतरी," तो म्हणाला.

आपल्याच लोकांची प्रार्थना ओळखू न येणाऱ्या या 'भाच्या'कडे पंचसुद्धा बघत राहिले. तासाभरात तो बोलता झाला. धाटावच्या कंपनीतली नोकरी गेल्यावर दलालीत शिरलेला. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, पण त्याने काढून दिलेली रक्कम पंचनाम्याने जप्त झाली. तरी ती कोर्टातून सुटायला कित्येक महिने जाणार होते, आणि महिनाअखेर तर तोंडावर आली होती.

बाईंनी एसटीडी बूथवरून पुन्हा इस्रायलला फोन लावला. या वेळी लागला. त्यांनी ओरडून सगळे सांगितले, मग रिसीव्हर माझ्या कानाला लावला. पलीकडून मालकिणीचा म्हातारा आवाज आमच्याच पेणच्या बोलीत बाईंना सांगत होता, "ऱ्हाऊ दे त्यांना आपल्या घरात, गो. तू बघितलंस ना त्यांना? मंग मी बघितलं."

महिनाअखेर त्या जोडप्याचा टेम्पो आळीत शिरला, तेव्हा बाईंनी कामावर खाडा करून तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. मलाही पंगतीला बसवले. संशय घेणे हा माझ्या नोकरीचा भाग होता, आणि संशय माणसाला आतून कडू करतो. मी तसा झालो नाही, याबद्दल त्या शेजारणीचे आणि इस्रायलमधल्या मालकिणीचे माझ्यावर उपकार आहेत. पुढे निवृत्तीनंतर घर घ्यायची वेळ आली, तेव्हा दलाल भाव सांगायला लागला. मी त्याला थांबवले आणि आधी शेजारचे दार वाजवले.