चादरीखालची पिशवी
त्या उन्हाळ्यात कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास खोलीभर असायचा आणि बाबा त्यात तरंगत असल्यासारखे पडून असायचे. ऑपरेशननंतर त्यांना लघवीची नळी आणि पिशवी लावली होती. दाराशी कोणी आलं, की ते आईला हळूच म्हणायचे, "पाव्हणे येऊन राहिले वं, पिशवी झाक." आई खाटेखाली अडकवलेली पिशवी उचलून त्यांच्या कुशीशी, चादरीखाली ठेवायची.

एका दुपारी बाबांना हुडहुडी भरून ताप आला. डॉक्टरांनी नळी बदलली. पिशवी वर घेतली की लघवी उलटी वाहते, म्हणाले. जंतू नळीला आतून चिकटतात, स्वतःभोवती थर धरतात, मग औषधही त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. मला कूलरच्या टाकीचा तळ आठवला. पाणी कितीही बदललं तरी बोटाला बुळबुळीत लागायचा.

रविवारी आत्या आली. सवयीने आईने पिशवी उचलली. मी पुढे झाले. तिच्या हातातून ती घेतली आणि सगळ्यांसमोर खाली अडकवली.

"हेच का वं तुमची लाजाळू पोरगी?" आत्या आईला म्हणाली.

बाबांनी भिंतीकडे तोंड वळवलं. पण पिशवी झाक म्हणाले नाहीत.