वॉर्साच्या कोर्टात आमची बोली
डांबरगोळ्यांचा वास आला की मला वॉर्साचं कोर्ट आठवतं. नव्वदच्या दशकात, कॉलेजात असताना, आम्ही नंदाखाल गावच्या मैदानात त्यावर नाटक केलं होतं: दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पोलंडमध्ये युक्रेनी राष्ट्रवाद्यांवर चाललेला खटला. मी साक्षीदार होते. ती बाई पोलिश बोलायला नकार देते, आपल्याच भाषेत साक्ष देते आणि न्यायाधीश तिला दंड ठोठावतो. नाटक बसवणाऱ्या सरांनी माझ्याकडून शुद्ध मराठी घोकून घेतली होती. पण आपली भाषा न सोडणारी बाई सरांच्या भाषेत का बोलेल? प्रयोगात मी आमच्या मिठागराच्या गावच्या बोलीत म्हणाले, "मी माज्या मानसांच्या भाषेतच बोलनार!" विंगेत सरांनी कपाळावर हात मारला. डांबरगोळ्यांचा वास मारणारा, वकिलाकडून मागून आणलेला काळा कोट घातलेल्या न्यायाधीशाने गरजून दंड सुनावला. तेवढ्यात पुढे बसलेली एक कोळीण उठली, स्टेजपाशी आली आणि कनवटीची नोट काढून तिने थेट त्याच्या टेबलावर आपटली, "घे तुजा दंड! बोलू दे पोरीला!" सगळं मैदान उसळलं. न्यायाधीश पुढची वाक्यं विसरला, मी मात्र बोलत राहिले. आज मी बँकेच्या काउंटरवर बसते आणि त्याच बोलीत बोलते. दंड मागायची हिंमत अजून कुणाची झालेली नाही.