नाणं खाली येईपर्यंत

मिसळीच्या तर्रीचा वास आला की मी आजही सिन्नर रोडवरच्या त्या हॉटेलात पोचते. त्या दिवशी दादा, त्याचे मित्र आणि मी नुकताच सिनेमा पाहून तिथे आलो होतो. त्यातला सुपरहिरो नाणं हवेत उडवतो आणि टेबलाला चक्कर मारून झेलतो.

"प्रकाशापेक्षा फास्ट आहे तो!" दादा म्हणाला.

"काहीतरीच! नाणं पडेपर्यंत एक चक्कर? ती तर मीही मारेन."

"हरलीस तर पुन्हा आमच्या वादात तोंड घालायचं नाही."

त्याने नाणं उंच उडवलं. मी धावले, ओढणी बाकड्यात अडकून टर्रकन फाटली, पण नाणं माझ्याच मुठीत पडलं. अख्ख्या हॉटेलाने टाळ्या वाजवल्या.

आता कळतं, शूटिंगला हिरोच्या कमरेला तारा बांधतात. माझ्या पायात स्लिपर होत्या, त्यातलीही एक तुटकी!