फ्रँक आक्का

आमच्या निपाणीच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या आक्का कुणाला बरं वाटावं म्हणून कधी बोलायच्या नाहीत. मी नवी साडी नेसून स्टाफरूममध्ये गेले की बाकीच्या 'छान' म्हणायच्या. आक्का चष्म्यावरून बघून म्हणायच्या, "शैला, ह्यो रंग दुकानातच बरा दिसत असंल." तरीही साडी घ्यायला जाताना सगळ्या त्यांनाच बरोबर न्यायच्या. मला कुणी कधी नेलं नाही.

शनिवारचा शेवटचा तास त्यांचा 'फ्रँक तास' असायचा. आक्का मागच्या बाकावर जाऊन बसायच्या आणि पोरांनी पुढे येऊन, आठवडाभरात बाईंचं काय पटलं नाही ते सांगायचं. त्या शब्दाचं मूळही त्या दरवर्षी नव्या वर्गाला सांगायच्या. फ्रँक नावाचे लोक होते, त्यांनी आजच्या फ्रान्सचा मुलूख जिंकला. तिथं पुरते मोकळे तेवढे तेच, बाकीचे ताबेदार. म्हणून फ्रँक म्हणजे आधी मोकळा माणूस आणि मग मोकळं बोलणारा. "माझा आज्जा दुसऱ्याच्या तंबाखूच्या रानात राबायचा," आक्का सांगायच्या. "मालकाम्होरं त्यानं कधी तोंड उघडलं न्हाय. आधी मोकळं व्हावं लागतंय, मग बोलता येतंय."

शेजारच्या वर्गात मी मराठी शिकवायची. भिंतीपलीकडचा हशा ऐकून माझ्या पोटात दुखायचं. मातृभाषा माझ्याकडे आणि पोरं मोकळी व्हायची इंग्रजीच्या तासाला. त्यात माझी लेक रेवाही असायची, घरी हूं की चूं न करणारी.

ती रेवा शिकून मोठी झाली आणि गेल्या वर्षी तिला बेळगावचं स्थळ आलं. मुलगा नोकरीतला, घर चांगलं, मी हरखून गेले होते. सुपारी फोडायच्या आधी चार दिवस आक्का घरी आल्या आणि टेकायच्या आतच म्हणाल्या, "शैला, पोरीच्या मनात न्हाय हे. मला बोलली ती."

"मला का न्हाय बोलली?"

"ह्या घरात राज्य तुझं हाय गं. तुझ्याम्होरं ती मोकळी कशी बोलंल?"

सुपारी थांबली. मी आक्कांशी बोलणं टाकलं. लेक माझी आणि तिचं मन या परक्या बाईला ठाऊक, हे मला गिळवेना.

पुढे आक्का निवृत्त होऊन धारवाडला लेकाकडे गेल्या. निरोपाच्या कार्यक्रमात मी उठून चार शब्द बोलले. मी खाली बसले तशा आक्का माझ्या कानाशी म्हणाल्या, "भाषण ग्वाड हुतं. त्यातलं खरं किती?"

हल्ली रेवा रोज संध्याकाळी जिन्यात बसून त्यांना फोन लावते. परवा ती नंबर शोधत असताना मी तिच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले.

"आई, आक्कांचा राग येतो न्हवं तुला?"

एरवी मी 'छे गं' म्हटलं असतं.

"व्हय," म्हणाले. "लई येतो. सगळं त्यांनाच सांगतीस."

 रेवा फोन बाजूला ठेवून खाली सरकली, माझ्या पायरीवर.

"त्या मुलाला मी का नको म्हटलं, सांगू?"

मी तोंड मिटून ऐकत बसले.